दारचे झाड उतरविताना



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे अंगणात, मैदानात जमतात आणि विद्वानांचे विचार ऐकतात. या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अर्थकारण असे मोठे विषय येत असतात. माझा विषय तेवढा मोठा नाही. तो तुमच्या-माझ्या फाटकाजवळ उभा आहे. काँक्रीटच्या वाटेला खेटून वाढलेले एक लहान झाड धोक्याशिवाय कसे उतरवावे, एवढाच तो विषय आहे. पत्रिका वाचून एका मित्राने मला विचारले, "त्यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? कुऱ्हाड घ्यायची, झाड पाडायचे." त्याच्या या एका वाक्यात जेवढ्या चुका आहेत तेवढ्या सांगायच्या म्हटल्या तरी तास पुरणार नाही. म्हणून मी आलो.

पण आरंभीच एक अडचण कबूल करतो. आपल्या नगर जिल्ह्यात उभे राहून झाड तोडण्याविषयी बोलणे सोपे नाही. २०२४ पासून शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. माझ्या जिभेवर जुने 'नगर' आले तर क्षमा असावी. ज्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदानाच्या बळावर उजाड डोंगर हिरवे केले, ते गाव आपल्याच तालुक्यात आहे. राळेगणसिद्धी शेजारच्या पारनेरात आहे. पाऊस आपल्याकडे बेताचाच. अशा मुलखात झाड वाढविणे ही कमाई आहे आणि ती उधळण्याची शिकवणी देण्यास मी आलेलो नाही. कुऱ्हाडबंदीचा अर्थ मला जो समजला तो असा, की कुऱ्हाड हाताशी आहे म्हणून चालवू नये. चालवायची तर का, कशी आणि त्यानंतर काय, याचा जबाब तयार ठेवावा. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हाच विवेक सांगितला आहे. जीर्ण झालेले झाड लागलेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते घ्यावे. बळजबरी करू नये, असा त्याचा आशय आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी आरमारासाठी लाकूड हवे असतानाही लोक असा विचार करीत होते. आपल्याला तर मोटार आत घेण्यापुरती वाट हवी आहे.

आता माझी हकीकत सांगतो, कारण तिच्याशिवाय हा विषय कोरडा राहील. बांधकामावर देखरेख करणे हा माझा पोटाचा धंदा आहे. सावेडीत आमचे छोटे घर आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या मुलीने शाळेतून गुलमोहराचे एक रोप आणले आणि फाटकापासून आत येताना डाव्या हाताला, कुंपणाच्या भिंतीच्या आत लावले. पुढच्याच वर्षी आम्ही मोटार घेतली. फाटकापासून घरापर्यंत तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद असा चार इंच जाडीचा काँक्रीटचा कोबा मी स्वतः उभा राहून घालून घेतला. रोपापासून त्याची कड दीड फुटावर आली. रोप अंगठ्याएवढे होते; ते पुढे झाड होणार आहे, हे लोकांच्या इमारतींचे नकाशे वाचणाऱ्या मला दिसले नाही. तीस फुटांच्या कोब्यात मी एकही सांधा ठेवला नाही. हे दोन्ही अपराध माझे आहेत, झाडाचा त्यात काही संबंध नाही.

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटाचा. एकोणिसाव्या शतकात तो आपल्याकडे आला आणि आपला होऊन गेला. साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो आणि आपल्या सावेडीत तर त्याच्या नावाचा रस्ताच आहे. ऐन वैशाखात तो फुलतो, तेव्हा ऊनसुद्धा सुसह्य वाटते. पण त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ पसरणारी. आठ-नऊ वर्षांत आमचा कोबा झाडाजवळ दीड इंच उचलला आणि त्याला आडवी भेग गेली. मागच्या खेपेच्या आदल्या दिवाळीत, पणत्या लावून परत येताना माझ्या आईची चप्पल त्या उचललेल्या कडेला अडली आणि ती पडली. ऐंशी वर्षांच्या बाईचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. मी त्याच रात्री झाड पाडायला निघालो होतो. आईनेच थांबविले. म्हणाली, "झाडाला कशाला शिक्षा? मला दिसलं नाही." तिच्या या बोलण्याने मला वर्षभराचा अवधी मिळाला आणि त्या वर्षात जे शिकलो ते आज सांगतो आहे.

पहिली गोष्ट शिकलो ती ही, की मूळ काँक्रीट फोडते हे आपले बोलणे अर्धेच खरे आहे. मूळ काही पहार घेऊन चालत नाही. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कोब्याच्या खाली ऊन पोहोचत नाही. तेथे ओल टिकते, आणि मुरूम व काँक्रीट यांच्यामधल्या फटीत हवाही खेळते. मुळाला याहून चांगली जागा कोठली? ते दोऱ्याएवढे होऊन आत शिरते आणि मग दरवर्षी थोडे थोडे जाड होते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही. खालून उचलले की त्याच्या वरच्या अंगाला ताण पडतो आणि ते भेगाळते. मी दर दहा फुटांवर सांधा ठेवला असता, तर निदान भेग ठरलेल्या जागी गेली असती.

दुसरी गोष्ट अशी, की उचललेला प्रत्येक कोबा झाडाने उचललेला नसतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. सावेडीत कित्येक घरांच्या भिंतींना ज्या भेगा दिसतात त्या या मातीच्या श्वासोच्छ्वासाच्या आहेत. तेव्हा झाडावर आरोप ठेवण्यापूर्वी चौकशी करावी. रीत सोपी आहे. लाइनदोरी ताणून उंचवटा मोजावा; एकदा मे महिन्यात, एकदा सप्टेंबरात. मातीचा दोष असेल तर मोज ऋतूबरोबर वर-खाली होते आणि भेग मिटते-उघडते. मुळाचा दोष असेल तर उंचवटा झाडाजवळ सर्वांत जास्त असतो, मुळाच्या रेषेने पुढे उतरत जातो आणि कधी खाली येत नाही. आमचा उंचवटा मेमध्ये दीड इंच होता, सप्टेंबरात त्याहून किंचित जास्त भरला. आरोप शाबित झाला.

तरीही शिक्षा लगेच ठरत नाही. तिसरा प्रश्न असा, की झाड राखून कोबा दुरुस्त करता येईल का? पुष्कळदा येतो. उचललेला तुकडा काढावा, तेथे वाळूवर शहाबादी फरशी किंवा ब्लॉक बसवावेत. मुळे वाढली तर फरशी उचलून पुन्हा बसविता येते. बारीक मुळे थोडी छाटलीही तरी चालतात. पण जाड मुळे कोठवर छाटावीत याला मर्यादा आहे. खोडाच्या जाडीच्या तिप्पट ते पाचपट अंतराच्या आत मुळे तोडू नयेत, कारण तीच झाडाला उभे धरतात. आमच्या झाडाचा घेर छातीएवढ्या उंचीवर चोवीस इंच होता, म्हणजे जाडी सुमारे आठ इंच. म्हणजे निदान चोवीस इंचांच्या आत मला हात लावता येत नव्हता आणि कोबा होता अठरा इंचांवर. दुसऱ्या अंगाला तीन फुटांवर कुंपणाची भिंत. एका बाजूची जाड मुळे तोडली असती, तर वळवाच्या पहिल्या वावटळीत अठरा फुटांचे झाड भिंतीवर, नाहीतर रस्त्यावरच्या माणसावर आले असते. झाड उचलून दुसरीकडे नेण्याचाही विचार केला. त्यासाठी मातीचा गोळा खोडाच्या दहापट रुंद हवा. एका बाजूला कोबा आणि दुसऱ्या बाजूला भिंत असताना तो निघणार कोठून? असे सर्व मार्ग पाहून झाल्यावर झाड उतरविण्याचे ठरले. मुलगी आता पुण्यात शिकते. तिला मी फोन करून सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी कोबा लांब घाला."

येथे कायद्याचा मुद्दा येतो. "माझी जागा, माझे झाड, माझी कुऱ्हाड" असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. शहरात ते खरे नाही. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. स्वतःच्या अंगणातले झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि आपल्याकडे २००३ पासून महानगरपालिका असल्याने अर्ज तेथे करावयाचा असतो. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा मान मिळाला आणि जे झाड तोडावयाचे त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आली. आमच्या झाडाचे वय बारा, म्हणून बारा रोपांचे देणे माझ्या नावावर आहे. हा दंड आहे असे मी मानीत नाही. कर्ज आहे. अर्जाला झाडाचे, उचललेल्या कोब्याचे आणि मोजमापांचे फोटो जोडावेत; पाहणीला येणाऱ्या माणसाचे काम सोपे होते आणि आपलेही.

परवानगी हाती आल्यावर वेळ निवडावी. मे महिन्यात काळी माती लोखंडासारखी असते, पावसाळ्यात पाय ठरत नाही. शिवाय उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत पुष्कळ पक्ष्यांची घरटी झाडांवर असतात. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. माती अजून मऊ असते, वारा कमी असतो, घरटी रिकामी झालेली असतात. तरीही आदल्या दिवशी फांदी न् फांदी पाहून घ्यावी. घरटे असेल आणि त्यात पिले असतील, तर तीन आठवडे थांबण्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

त्यानंतर, हत्याराला हात लावण्यापूर्वी, वर पाहावे आणि खाली पाहावे. वर विजेची तार आहे का? खांबावरून घराकडे येणारी तार फांद्यांतून जात असेल, तर महावितरणला कळवून प्रवाह बंद करवून घ्यावा आणि तो बंद झाल्याची खात्री होईपर्यंत फांदीला स्पर्श करू नये. ओली फांदी वीज वाहून नेते. आणि खाली? पाण्याचा नळ, सांडपाण्याची नळी, कधी विजेची केबल. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात आपल्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. तेथे ते फुलांचे वाफे खणीत. खणता खणता जुन्या भिंती आणि इमारतींचे अवशेष लागत, असे त्यांनीच तेथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त नोंदले आहे. नगरची जमीन अशी आहे. तिच्या पोटात काय आहे ते टिकाव घातल्याशिवाय कळत नाही. आपल्या अंगणात निजामशाही सापडणार नाही, पण मुळा धरणाचे पाणी घरात आणणारी नळी नक्की सापडेल. म्हणून घर बांधतानाचा नकाशा काढावा, नळांच्या रेषा जमिनीवर फक्कीने आखाव्यात आणि त्या रेषांच्या एक फूट अलीकडे-पलीकडे टिकाव न चालविता हाताने माती काढावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. पण त्याआधी एक प्रसंग सांगणे मला कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी असेच झाड तोडावयाचे होते. मोटार-करवतवाला माणूस जास्त पैसे मागतो म्हणून त्याला परत पाठविले आणि नाक्यावरून एका मजुराला आठशे रुपयांत ठरवून आणले. त्याने शिडी झाडाच्याच फांदीला टेकविली आणि त्या फांदीचे पुढचे टोक तोडावयास घेतले. टोक गळून पडले. ओझे उतरताच फांदी हातभर वर उसळली, शिडी निसटली आणि तो पाठीवर काँक्रीटवर पडला. तो जगला. पण त्यानंतर त्याला वाकून ओझे उचलता आले नाही. आता तो एका दुकानाबाहेर राखण करतो. झाड पाडणे स्वस्तात झाले, असे त्या घरात कोणी म्हणू शकत नाही. मित्रहो, आजचे माझे सर्व बोलणे तुम्ही विसरलात तरी चालेल. एवढे लक्षात ठेवा, की जी फांदी तोडावयाची तिला शिडी टेकवू नये, आणि शिडीवर उभे राहून यंत्राची करवत कधीही चालवू नये. काम देताना मजुरीआधी माणसाच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट आहेत का ते पाहावे. नसतील तर ते आपण आणावेत. तो आपल्या अंगणात उभा असेतोवर त्याची जबाबदारी आपली.

झाड एकदम पाडावयाचे नाही, उतरवावयाचे. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. प्रथम जमिनीवर उभे राहून, लांब दांड्याच्या करवतीने, बारीक फांद्या काढाव्यात. मनगटाहून जाड फांदी एका कापात तोडू नये. अर्ध्यावर कापली गेली की ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल व चीर ओढीत खाली येते. तिला तीन काप द्यावेत. पहिला खोडापासून फूटभर पुढे, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, आरपार. फांदी तेथे स्वच्छ सुटते. तिसरा, उरलेले खुंट काढण्याचा. जड फांदीला आधी दोर बांधून तो वरच्या मजबूत बेचक्यातून आणावा आणि खालच्या माणसाने सावकाश सोडावा. दोर धरणाऱ्याने तो मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नये. फांदी जड निघाली तर दोर सोडता आला पाहिजे.

अशा रीतीने वरचा भार उतरल्यावर आमच्याकडे दहा-अकरा फुटांचा सरळ सोट उरला. तो जमिनीपासून तीन फुटांवर कापावयाचा होता. म्हणजे खाली येणारा तुकडा आठ फुटांचा. आठ फुटांचा ओला तुकडा म्हटले की लोकांना काठी वाटते. पण त्या जाडीचे ओले लाकूड पन्नास-साठ किलो भरते, म्हणजे एक माणूसच. तो भिंतीकडे नको आणि घराकडे नको. कोब्याच्या लांबीच्या दिशेने पाडण्याचे ठरविले. तेथे जुने टायर आणि पाल्याने भरलेली पोती अंथरली, नाहीतर उरलेला कोबाही फुटला असता. मोटार रस्त्यावर नेऊन ठेवली, फाटकावर एक माणूस उभा केला आणि घरातल्या सर्वांना आत बसविले.

पाडण्याची किमया कापाच्या बिजागरीत आहे. ज्या दिशेला पाडावयाचे त्या अंगाला प्रथम पाचरीसारखी खाच काढावी; तिची खोली जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी. आठ इंचांच्या खोडाला दोन-अडीच इंच. मग पाठीमागून, खाचेच्या तळापेक्षा इंच-दीड इंच वर, आडवा काप द्यावा. तो खाचेपर्यंत नेऊ नये. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाऊण इंच, लाकडाची पट्टी तशीच ठेवावी. हीच ती बिजागरी. दाराची बिजागरी जशी दाराला ठरलेल्या बाजूलाच फिरू देते, तशी ही पट्टी खोडाला खाचेकडेच झुकू देते. उत्साहाच्या भरात ती कापून टाकली, की झाड कोठे जाईल हे झाडच ठरविते. वरच्या टोकाला बांधलेला दोर ओढणारा माणूस तुकड्याच्या लांबीच्या दुपटीहून जास्त अंतरावर असावा. करवत चालविणाऱ्याने आपली परतीची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. ती पडण्याच्या बरोबर उलट दिशेला नव्हे, तर मागे आणि तिरकी, कारण खोड कधी कधी मागे सरकते. तुकडा झुकू लागला की हातातले काम टाकून त्या वाटेने बाजूस व्हावे. पाहत उभे राहण्याचा मोह पडतो. तो आवरावा.

आता राहिला बुंधा. काँक्रीटला खरा धोका येथे आहे, कारण उतावळा मनुष्य पहार बुंध्याखाली घालतो, कोब्याच्या कडेवर टेकवतो आणि जोर लावतो. बुंधा हलत नाही, कोब्याचा टवका निघतो. आम्ही प्रथम उचललेला भाग कटरने आखून कापला. चांगल्या कोब्यात आणि खराब कोब्यात सरळ खाच पडली म्हणजे खराब भाग तोडताना भेग पलीकडे पळत नाही. कटर चालताना पाणी सोडीत राहावे आणि नाकातोंडाला चांगला मुखवटा बांधावा. काँक्रीटची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. तुकडा काढल्यावर खाली मनगटाएवढी तीन मुळे दिसली, कोब्याला पाठ लावून, चपटी झालेली. बारा वर्षे ती माझे ओझे पाठीवर घेत होती, असे क्षणभर वाटले.

मग खोडापासून दोन फुटांवर, चारी अंगांनी, दोन फूट खोल चर खणला. मुळांवरची माती पाण्याने धुवून घेतली, कारण मातीत कुऱ्हाड मारली की धार जाते आणि दगडावर बसली की उसळते. कोब्याकडची आणि भिंतीकडची मुळे करवतीने कापली. ओढून तोडली नाहीत. ओढलेले मूळ आपल्याबरोबर भिंतीचा पाया किंवा नळीचा सांधा हलविते. सर्व मुळे सुटल्यावर तीन फुटांचा बुंधा दांड्यासारखा पुढे-मागे हलवून बाहेर काढला. पहारेचा टेकू कोब्यावर नव्हे, मुरमावर ठेवलेल्या फळीवर घेतला. काही लोक बुंध्याला साखळी लावून मोटारीने ओढतात किंवा फाटकाच्या खांबाला कप्पी बांधतात. खांब उखडतो, दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो. हे करू नये.

बुंधा तसाच ठेवून 'मारण्याचे' जे घरगुती उपाय सांगितले जातात, त्यांविषयी दोन शब्द. गुलमोहराचा बुंधा पुन्हा फुटतो, हे खरे. म्हणून लोक भोके पाडून मीठ भरतात. मीठ मातीतून काँक्रीटमध्ये झिरपते आणि आत सळई असेल तर ती गंजून फुगते. झाडाने केले नाही ते नुकसान मीठ करते. रॉकेल किंवा डिझेल ओतले तर माती वर्षानुवर्षे नापीक होते. जाळला तर शेजारच्या काँक्रीटचे पापुद्रे उडतात, धूर शेजाऱ्याच्या घरात जातो. रासायनिक तणनाशकांपैकी ग्लायफोसेट केवळ कीडनियंत्रकांनीच वापरावे असा आदेश २०२२ साली निघाला होता. तेव्हा काढता येतो तो बुंधा काढावा. भिंतीमुळे काढता आला नाही, तर जमिनीच्या खाली कापून येणारे फुटवे नखाएवढे असतानाच खुडीत राहावे. अन्न मिळेनासे झाले की तो दमतो. आपण त्याच्याआधी दमू नये, इतकेच.

खड्डा भरताना निघालेली काळी माती परत घालू नये, ती फुगेल. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी घालावा, प्रत्येक थर भिजवून धुमसाने चोपावा. आणि लगेच काँक्रीट घालू नये. हा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक आहे. झाड दररोज मातीतले पाणी ओढीत असते. ते गेल्यावर माती आपले पाणी परत मिळविते आणि पुढच्या पावसाळ्यात थोडी वर येते. कोब्याखाली राहिलेली बारीक मुळेही हळूहळू कुजून खचतात. म्हणून आम्ही सध्या वाळूवर शहाबादी फरशी बसविली आहे. हा पावसाळा जाऊ देऊ, जमीन स्थिर झाली की मगच कोबा घालू. आणि या वेळी सांधा ठेवू. खरे सांगायचे तर, फरशीच बरी दिसते असे आईचे म्हणणे आहे. तिला आता कड लागत नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांत झाड तोडण्यापूर्वी त्याची पूजा करावी, त्यावर राहणाऱ्यांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, असे सांगितले आहे; वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तसा विधी आहे. मी विधी केला नाही. पण मला वाटते, त्या विधीचा एक व्यावहारिक उपयोग असावा. पूजा करावयाची म्हणजे झाडापुढे घटकाभर थांबावे लागते. थांबले की माणूस वर पाहतो, खाली पाहतो, घरटे पाहतो, तार पाहतो आणि आपल्याला हे खरोखरच करावयाचे आहे का, हे स्वतःला विचारतो. अपघात आणि पश्चात्ताप दोन्ही त्या न घेतलेल्या घटकेतून जन्मतात. कोबा घालताना मी तेवढा थांबलो असतो, तर आज हे व्याख्यान झाले नसते आणि आमच्या फाटकाशी या वेळी तांबडी फुले पडली असती.

येत्या आषाढात बारा रोपांचे कर्ज फेडावयाचे आहे. त्यातली अकरा वसाहतीच्या मोकळ्या जागेत लावू. बारावे आमच्या अंगणात, पण कोब्यापासून बारा फूट दूर, आणि ते बकुळीचे. ते लावण्यास मुलगी पुण्याहून येणार आहे. खड्डा कोठे घ्यावयाचा ते या वेळी तीच ठरविणार आहे. मी फक्त टेप धरून उभा राहणार.